निवत ठेवलेला काढा

आमच्या घरी जव भिजत पडले की थंडी आली असं समजायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे परसातल्या पिंपात कोपरापर्यंत हात बुडवायचे, तो बाहेर काढून वाऱ्यावर धरायचे, आणि एखाद्या सकाळी म्हणायचे, "आता चालंल." त्याच दिवशी बोईसरच्या बाजारातून जवाची गोणी यायची. जव दोन दिवस भिजवायचे, मग खोलीच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटावर पसरायचे आणि दिवसातून तीनदा हातांनी वरखाली करायचे, नाहीतर खालचे दाणे तापून कुबट होतात. ते काम माझं. शाळेतून आले की दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आधी मी त्या ढिगात बोटं घालायची. आत झोपलेल्या मांजराच्या पोटासारखं कोमट लागायचं आणि काकडी चिरल्यासारखा वास यायचा. चार-पाच दिवसांत दाण्यांना पांढरी मुळं फुटत. मग ते उन्हात वाळवायचे, आईच्या मोठ्या तव्यावर मंद आचेवर भाजायचे आणि चोळून मुळं झाडून टाकायची. भाजताना सगळ्या चाळीला कळायचं. बेकरीत येतो तसा तो वास सालवडच्या आमच्या खोल्यांच्या ओळीत फिरायचा, आणि कारखान्यांकडून येणारा तो आंबट, डोळे चुरचुरवणारा वास दोन तास तरी नाकाला जाणवायचा नाही.

आप्पा पूर्वी मुंबईला एका बियरच्या कारखान्यात उकळणीच्या खात्यात होते. तो बंद पडल्यावर ते तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या बॉयलरवर लागले आणि आम्ही इथे राहायला आलो. जुन्या कामाबद्दल ते बोलत नसत. पण थंडीचे दोन-अडीच महिने लागले की त्यांच्या हातांना चैन पडत नसे. मुंबईचा एक सोबती त्यांना हॉप्सची सुकी फुलं कागदात बांधून टपालाने पाठवायचा. हिरवट, कडू, हातात चुरगळली तर दिवसभर वास न जाणारी. भाजलेले जव भरडून गरम पाण्यात मुरवले की पाणी गोड होतं; त्यात ती फुलं घालून तास-दीड तास उकळलं की जे तयार होतं त्याला कारखान्यात वर्ट म्हणत. आई त्याला काढा म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच काढा म्हणायचो. तो काढा निववायचा, त्यात पावाच्या भट्टीतून आणलेलं यीस्ट सोडायचं, आठ-दहा दिवस आंबू द्यायचं, मग बाटल्यांत भरून पंधरा दिवस खाटेखाली ठेवायचं, की बियर झाली. आप्पांनी ती कधी कुणाला विकली नाही. ते स्वतः प्यायचे आणि शेजारच्या हरिलालचाचांना द्यायचे. तरी हे कायद्यात बसत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि आईला त्यांच्याहून जास्त माहीत होतं. बाटल्या भरायच्या दिवशी ती दाराला आतून कडी घालायची आणि रस्त्यावर मोटरसायकल वाजली की हातातलं काम थांबवायची.

या सगळ्यात आप्पांना काळजी फक्त एका गोष्टीची. "उकळतोय तवर काढ्याला भीती नाय," ते म्हणायचे. "निवायला लागला का भीती. तेव्हा तो गोड असतो, कोमट असतो नि उघडा असतो. हवेतला कोण पन येऊन बसंल त्यात." म्हणून तो लवकर निवायला हवा, आणि म्हणून हा उद्योग फक्त थंडीत. उकळतं पातेलं दोघांनी फडक्याने धरून परसात न्यायचं, विहिरीच्या गार पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवायचं, वर धुतलेलं मलमलचं फडकं ताणून बांधायचं, आणि बाहेरचं पाणी कोमट झालं की बदलत राहायचं. सूर्य खाली गेला की समुद्राकडचा वारा पडून डोंगराकडचा गार वारा सुरू होतो, त्या वेळेवर हे सगळं बेतलेलं असायचं. पातेल्याजवळ मी बसायची. फडक्यावर माशी बसू द्यायची नाही, पान पडू द्यायचं नाही, आणि शिंक आली तर उठून लांब जायचं. मी चौदा वर्षांची होते. माझ्या वयाच्या मुली मैदानात लगोरी खेळत आणि मी पातेल्याची राखण करत बसायची, पण मला ते आवडायचं. आप्पा माझ्यावर दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी इतका भरवसा टाकत नसत.

हरिलालचाचा आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायचे. ते उत्तरेकडचे, आप्पांच्याच कारखान्यात फिटर. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवण्याची सवय. त्यांचा मुलगा गावी आजोबांकडे होता, इथे ते आणि चाची दोघंच. चाचींना मराठी फारसं यायचं नाही आणि आईला हिंदी, तरी दोघी तासन् तास बोलायच्या. आईकडून चाची सुकटीची चटणी शिकल्या आणि घरी करायला लागल्या. चाचांनी दोन दिवस नाक धरलं आणि तिसऱ्या दिवशी मागून खाल्ली. आप्पांची नवी बाटली उघडली की पहिला पेला चाचांचा, असं ठरलेलंच होतं.

त्या वर्षी चाचांचा वाढदिवस की त्यांच्या मुलाचं काही, मला आता आठवत नाही, पण आप्पांनी नेहमीपेक्षा जास्त बियर करायची ठरवली. आंबवायला घरातलं पातेलं पुरेना. एके संध्याकाळी ते सायकलच्या मागे एक निळा प्लास्टिकचा ड्रम बांधून घेऊन आले. कारखान्याच्या फाटकाबाहेर भंगारात पडलेला, म्हणाले. त्याच्यावरचा कागद खरवडून काढलेला होता. आम्ही दोघांनी तो परसात उकळत्या पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने तीन वेळा धुतला. मी आत डोकं घालून घासत होते. तळाशी मला एक वास आला, गोडसर, नाकाच्या वरच्या बाजूला झिणझिणी आणणारा. मी सांगितलं. आप्पांनी डोकं घालून हुंगलं, थोडा वेळ थांबून पुन्हा हुंगलं आणि म्हणाले, "सोड्याचा हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला ड्रमाचं सांगू नको. उगाच डोकं लावत बसंल." परसातल्या अडगळीत, गोणपाटाखाली झाकलेल्या त्या ड्रममध्ये ती बियर आंबली. बाटल्या भरल्यावर आप्पांनी ड्रम उलटा करून संडासामागे ठेवून दिला.

ती पहिली बाटली उघडली तो शनिवार. आप्पांनी त्या दिवशी दुपारी दाढ काढून घेतली होती, गाल वांग्याएवढा सुजलेला, तोंडात कापूस. म्हणून ते प्यायले नाहीत. चाचांनी एकट्यानेच दोन बाटल्या संपवल्या, "भैया, इस बार तो कमाल कर दिया," असं म्हणून आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दिवेलागणीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पांनी सुजलेल्या गालानेच नवा काढा लावला होता. आईने उकडहंडी केली होती. माकुणसारहून तिच्या भावाने पाठवलेलं कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, वरून ओलं खोबरं, सगळं मडक्यात बंद करून मंद आचेवर. थंडीतला असा रविवार असला की चाचा-चाची जेवायला असायचेच. त्या दिवशी चाची एकट्याच आल्या, वाटीत थोडंसं घेतलं आणि म्हणाल्या, "इनकी तबियत ठीक नहीं। पेट पकड़के बैठे हैं।" आप्पा हसले, गाल धरून. जास्त झाली असेल म्हणाले. मी हसले नाही. मला ड्रमच्या तळाचा वास आठवला होता. पण तो विचार मी भाताच्या घासाबरोबर गिळून टाकला.

चारच्या सुमाराला काढा उतरवला. मी परसात पाटावर बसले. घंगाळातलं पाणी एकदा बदललं, दुसऱ्यांदा बदललं. उन्हं नारळांच्या शेंड्यावर गेली. फडक्यातून वाफ यायची थांबली होती, आणि मी पातेल्याला मनगट लावून अजून किती वेळ लागेल याचा अंदाज घेत होते. तेवढ्यात पुढच्या दारातून चाचींचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. त्या आईला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "इनको दिखता नहीं है, दीदी। सब सफेद दिखता है बोलते हैं।"

मी आत गेले तेव्हा आप्पा यीस्टची वाटी हातात धरून उभे होते. त्यांनी ती फळीवर ठेवली, नीट, आवाज न करता, आणि पायात चप्पल न घालता गेले. चाचांना दोघांनी धरून बाहेर आणलं तेव्हा मी बघितलं. ते डोळे उघडे ठेवून, हात पुढे करून चालत होते, घरात धूर झाल्यावर माणूस चालतो तसे. शर्टावर ओकारी होती. श्वास मोठमोठा चालला होता. नाक्यावरून कुणीतरी टेम्पो बोलावून आणला आणि आप्पा त्यांना बोईसरच्या दवाखान्यात घेऊन गेले.

टेम्पो गेल्यावर आई घरात आली, कडी लावली, आणि आधी चुलीत हॉप्सची पुडी टाकली. मग भाजलेले उरलेले जव शेजारच्या कोंबड्यांना घालून आली. ती थांबत नव्हती. "काढा ओतून टाक," ती मला म्हणाली. मी परसात गेले, पातेल्याचे कान धरले, पण ते मला एकटीला हललंही नाही. मी आत येऊन तसं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही आधीची कशात आंबवलेली गो?"

"पातेल्यात," मी म्हणाले.

"आपल्याच?"

"आपल्याच."

आज साठी उलटल्यावर मी माझ्या नातवंडांना खोटं बोलू नका म्हणून सांगते तेव्हा मला तो स्वयंपाकघराचा उंबरा दिसतो. मी आप्पांना वाचवत होते की स्वतःला, मला तेव्हा कळत नव्हतं आणि आताही खात्रीने सांगता येणार नाही. ड्रम मी घासला होता. वास मला आला होता.

आठ वाजायच्या आत आप्पा परत आले. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि अर्धं पाणी सुजलेल्या गालावरून सदऱ्यावर सांडलं. डॉक्टर म्हणाले होते की पोटात विषारी स्पिरिट गेलंय, कारखान्यात वापरतात तसलं. उतारा म्हणून त्यांनी चाचांना दारूच पाजायला घेतली होती, चमच्याचमच्याने, आणि आप्पांना ते बघून आणखीच भीती वाटली होती. काय प्यायलात, असं डॉक्टरांनी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, घरची बियर. मग आप्पांनी पुढे होऊन सांगितलं, मी केलेली.

"बियरनी असा व्हत नाय म्हनाले," आप्पा सांगत होते. "भांड्यात कायतरी असंल म्हनाले. भांडा कसला व्हता विचारलानी."

"मग?" आई म्हणाली.

"स्टीलचा म्हटला."

ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे. पोलिसांना कळवावं लागेल, असंही डॉक्टर म्हणाले होते.

मग आप्पा खाटेखाली वाकले. मला वाटलं बाटल्या फोडून टाकणार. त्यांनी त्याच खेपेच्या दोन बाटल्या बाहेर काढल्या, पुसल्या आणि एकीचं बूच उघडलं.

आई म्हणाली, "काय करताय तुमी?"

"बघतो."

"काय बघताय?"

"माझ्या हातनं झालाय का नाय ता."

आईने बाटली धरली. ते दोघं एकाच बाटलीला धरून उभे होते, आवाज न करता ओढाताण करत, कारण भिंतीपलीकडे लोक होते. मग आई म्हणाली, "मग मला पन द्या अर्धी." आप्पा म्हणाले, "पोरीला कोन बघंल?" त्यावर आईचा हात सुटला. आप्पांनी दोन्ही बाटल्या उभ्या उभ्या संपवल्या, औषध घ्यावं तशा, मध्ये दाढेच्या जागेवर हात दाबत. चाचांनी दोन घेतल्या होत्या म्हणून त्यांनीही दोन घेतल्या. चाचांना बावीस-चोवीस तासांनी दिसेनासं झालं होतं. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत, असा हिशेब तिघांच्याही मनात झाला असणार. मोठ्याने कुणी केला नाही.

त्या रात्री काय झालं हे विचाराल तर काहीच झालं नाही. आम्ही तिघं पडून होतो आणि तिघंही जागे होतो.

सकाळी आप्पा कामावर गेले नाहीत. दारातून समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर दिसायचं, किराणा दुकानाने दिलेलं. आप्पा दारात बसले आणि मला म्हणाले, "बोट ठेव." मी एका तारखेवर बोट ठेवलं. त्यांनी वाचली. दुसरीवर ठेवलं. वाचली. मग तारखेखालचं बारीक, चतुर्थी, प्रदोष, तेही वाचलं. आई भाकऱ्या थापत होती आणि प्रत्येक आकड्याला तिच्या हाताचा आवाज थांबत होता. तासाभराने पुन्हा. मग पुन्हा. अकराच्या सुमाराला एक हवालदार येऊन गेला. आप्पांनी त्याला सगळं सांगितलं, ड्रम सोडून. काल रात्री मी स्वतः त्याच बाटल्यांतली प्यायलोय, असंही सांगितलं. हवालदाराने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आप्पांच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "संध्याकाळी येतो. कुठं जाऊ नका." मला त्या माणसाचा राग आला होता. आता वाटतं, त्यालाही काय करावं कळलं नसेल.

परसात काढा तसाच पडून होता. दुपारी मी फडकं उचललं. वर पांढरट साय धरली होती, कडेने बुडबुडे येत होते, आणि आंबूस, कुजक्या फळासारखा वास सुटला होता. कोण तरी येऊन बसलं होतं त्यात. मी आणि आईने मिळून पातेलं आडवं केलं. ते तपकिरी पाणी मातीत मुरायला बराच वेळ लागला.

दोन वाजता मी पुन्हा कॅलेंडरशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की माझं बोट पोहोचायच्या आधीच आप्पा तारीख आणि तिच्याखालचं सांगतायत. सकाळपासून ते तेच पान वाचत होते. ते त्यांना पाठ झालं होतं. मी फळीवरच्या कागदात गुंडाळलेल्या डाळीचा कागद सोडवला, वर्तमानपत्राचा तुकडा होता तो, आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "हे वाचा."

आप्पांनी डोळे बारीक केले. मान मागे घेतली. "उजेड कमी हाय," ते म्हणाले. मी त्यांना परसात उन्हात नेलं. त्यांनी कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. ओठ हलले, पण शब्द आला नाही. "धुरकट दिसताय," ते हळूच म्हणाले, आणि कागद गुडघ्यावर ठेवून दिला.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या समोर बसले आणि म्हणाले, "आई, पातेल्यात नव्हती. ड्रममध्ये होती. कारखान्यातल्या. त्याला वास येत होता." मला वाटलं ती मला मारेल. ती पेज गाळत होती. ती म्हणाली, "ठाऊक हाय. तुमी दोघा झोपलाव तेव्हा मी परत धुतला व्हता तो. मला पन वास आला." आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा जराही न हलता. एकच गोष्ट आम्ही तिघांनी एकमेकांपासून लपवली होती.

तिने पेजेचा डबा भरला. चाची दवाखान्यातच होत्या आणि त्यांच्यासाठी, चाचांसाठी काहीतरी नेणं भाग होतं. "डबा दे नि ये," ती म्हणाली. "इथला काय बोलू नको. त्याला आधीच जड हाय."

सालवडहून बोईसरचा दवाखाना चालत पाऊण तासावर. मी बहुतेक पळालेच. डब्यातून पेज सांडून परकरावर ओघळत होती. खाटेवर चाचा छताकडे बघत पडले होते, चाची पायाशी बसल्या होत्या. चाचांचा चेहरा एका दिवसात आत ओढला गेला होता. मी डबा ठेवला. चाचांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. "कौन? सुलू?" त्यांनी हात पुढे केला आणि माझा खांदा शोधला. "भैया कैसे हैं?"

मला गप्प राहायला सांगितलेलं होतं. मी म्हणाले, "तुम्ही प्यायलात त्यातल्याच दोन बाटल्या आप्पांनी काल रात्री प्यायल्या. बघायला, त्यांच्यामुळे झालं का. आता त्यांना पण दिसत नाही."

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणाले ते त्यांना पूर्ण कळलं नसावं, पण चाचांना कळलं. खांद्यावरचा त्यांचा हात आधी घट्ट झाला आणि मग निघून गेला. मग बायकोकडे तोंड न करता म्हणाले, "तू बाहर जा।" चाची हलल्या नाहीत. शेवटी त्यांच्यासमोरच ते बोलले. "उसको बोल, बेटा, उसकी बियर में कुछ नहीं था। मैंने बाद में पिया। शिवराम के कमरे में। वो कंपनी का स्पिरिट लाया था।"

चाची उठून उभ्या राहिल्या. गावी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून चाचांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली होती की कारखान्यातलं काही पिणार नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती या बाईची होती, हे त्या क्षणी मला दिसलं. चाचाच पुढे म्हणाले, "शिवराम को कोई देखके आओ। अकेला रहता है।"

मी परत येताना पळाले नाही. शिवराम मला माहीत होता. जव्हारकडचा, पंचविशीचा, कारखान्यात पिंपं धुवायच्या कामावर. रेशनच्या दुकानामागे एका खोलीत एकटा राहायचा. सुट्टीला जोडून रजा घेऊन तो गावी जायचा, म्हणून रविवारी त्याचं दार बंद दिसलं तरी कुणाला काही वाटलं नाही.

आप्पा परसात होते, कागद अजून गुडघ्यावर. मी सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून मी बघत होते. तो आला नाही. ते म्हणाले, "नि शिवराम?" आणि उठून पळाले. मी त्यांच्यामागे. दुकानामागची खोली आतून बंद होती. आप्पांनी दोन हाका मारल्या, मग खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला कडी उचकटली. आप्पा आत गेले आणि लगेच दारात उभे राहून मला म्हणाले, "तू घरी जा." मी आत काही बघितलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तेवढं पुरलं.

सोमवारी पहाटेच्या सुमाराला गेला असावा, असं नंतर कळलं. म्हणजे रविवारी संध्याकाळी, आम्ही हॉप्स जाळत होतो तेव्हा, तो त्या दाराआड जिवंत होता. त्याचा बाप आणि भाऊ गावाहून आले, म्हातारा रेशनच्या दुकानाच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला. आप्पा त्याच्याशेजारी जाऊन बसले.

आप्पांचे डोळे ठीक होते. त्यांना चाळिशी लागली होती, एवढंच. पुढच्या आठवड्यात चष्मा झाला. डॉक्टर आप्पांना असंही म्हणाले की चाचांच्या पोटात आधी बियर होती म्हणून विष हळू चढलं, नाहीतर त्यांचंही शिवरामसारखं झालं असतं. कुणी दुसरा असता तर हे चार ठिकाणी सांगत फिरला असता. आप्पांनी ते आईला एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आप्पा त्यांना म्हणाले होते, "मी पन तुमाला खोटा सांगितला. भांडा स्टीलचा नव्हता." डॉक्टरांनी हातानेच राहू द्या म्हटलं. हवालदाराने उरलेल्या बाटल्या आणि ड्रम नेला, आप्पांना दोन-तीन वेळा चौकीवर जाऊन बसावं लागलं, आणि ते प्रकरण मिटलं. घरात पुन्हा जव आले नाहीत.

चाचांना थोडं दिसायला लागलं, माणसाचा आकार, दिवसरात्रीचा फरक, ताटाची कड. कारखान्यात त्याचा उपयोग नव्हता. होळीच्या आधी ते दोघं गावी जायला निघाले. चाचींनी ट्रंक रिक्षात ठेवली, आईला मिठी मारली, मग येऊन चाचांचा कोपर धरला. त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या, पण कोपर कधी सोडला नव्हता. चाचांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथे राहू दिला. मग माझ्या दिशेने वळले.

"बिटिया," ते म्हणाले, "तू एक दिन पहले क्यों नहीं आई? तब शिवराम ज़िंदा था।"

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं. स्वतःला विचारून उत्तर मिळालं नाही म्हणून मला विचारत असावेत. आप्पा खाली बघत होते. रिक्षा सुरू झाली, चाचींनी पदर डोक्यावर घेतला, आणि चाचा वळून मागे बघत राहिले, आम्ही त्यांना नीट दिसत नसताना.

त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी घाबरले होते, चाचा. तुमच्यासारखीच.